डावीकडच्या मुली

आमच्या घरात कूलरलाही पट्टी होती. उन्हाळ्यात दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ठिबकायला लागलं आणि आतल्या पंख्यानं आवाज धरला, की बाबा खाटेवर आडवे होऊन, डोळे न उघडता सांगत, "पांढरी दोन. जराशी चढी." स्वयंपाकघरातून आई म्हणे, "व्होल्टेज वाढलं असंल." कुकरची शिट्टी, गिरणीचा भोंगा, दूधवाल्याच्या सायकलची घंटी, सगळ्यांना बाबांनी हार्मोनियमवर आपापली जागा नेमून दिली होती. शेजारच्या काकूंची हाक एरवी काळी चारमध्ये यायची आणि त्या रागावल्या की पांढरी सहावर चढायची. हे बाबांनी त्यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा त्या कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. गाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांपैकी ज्या पट्टीवर तुमचा 'सा' बसतो ती तुमची पट्टी. माणसाची असते, गाण्याची असते. बाबांच्या मते वस्तूचीही असते.

बाबा धरमपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग चालवत. सतरंजी अंथरलेली, भिंतीशी बाबांची गादी, समोर हार्मोनियम. बाबांच्या डाव्या हाताला मुली बसायच्या आणि उजव्या हाताला मुलं, मुलांच्या पुढे तानपुरा. बाबांच्या गुरुजींकडे असंच बसत, म्हणून आमच्याकडेही असंच. त्यात बदल करावा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. डावीकडच्या रांगेत सगळ्यांत पुढे, अगदी बाबांच्या गुडघ्याशी, माझी जागा. घरची म्हणून मान, आणि घरची म्हणूनच सगळ्यांत जास्त बोलणी. बाबा मूळचे खेड्यातले. अर्धं आयुष्य शहरात काढलं तरी बोली सोडली नाही. "काहून गा, झोपून राहिला काय? षड्ज लाव ना!" असं मुलांवर ओरडत, आणि मुलींना म्हणत, "आवाज बाहेर काढ वं, चोरून आणला काय?" वर्गात एक कायदा होता. सूर जुळला नाही तर चूक शिष्याची. शिष्याची नसेल तर तानपुऱ्याची. तानपुऱ्याचीही नसेल तर हवेची. बाबांची चूक नसायची, आणि खरं सांगायचं तर तोवर ती कधी निघालीही नव्हती. कारागीर हार्मोनियम दुरुस्त करून झाली की ती घेऊन आमच्याकडे येत, बाबा मान तिरकी करून ऐकत आणि "ही तिसरी घास अजून" असं म्हणत, आणि आतल्या पितळी पट्ट्यांपैकी बेसूर ती तिसरीच निघायची.

रविवारी वर्ग संपला की आई सगळ्यांना पोहे द्यायची, वर चण्याची लालभडक तर्री. ज्यांना ती सोसायची नाही त्यांचे डोळे वाहायला लागले की बाबा खूश व्हायचे. म्हणायचे, "बघ, आता गळा मोकळा झाला." थंडीत सांबारवडी व्हायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याकडच्यांनी डाळीचं सांबार डोळ्यांपुढे आणू नये. ढीगभर सांबार निवडायला आई मुलींनाच बसवायची, आणि त्यात विमलचा हात सगळ्यांत भरभर चाले. विमल मौद्याकडची, कॉलेजसाठी मामाकडे राहायची. उंच, काळीसावळी, दोन वेण्या, बोलायला अगदी कमी. गायला लागली की मात्र आई गॅस बारीक करायची, फोडणीच्या आवाजात गाणं बुडू नये म्हणून. वर्गात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. मीही नव्हते, आणि हे मला कबूल होतं, कारण तिचं ऐकलं की हेवा करायची ताकदच राहायची नाही.

त्या थंडीत बाबांना सर्दीतापानं गाठलं आणि डावा कान ठणकायला लागला. आई लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करायची आणि कानात थेंब सोडायची. ठणका गेला. कानात दडा बसल्यासारखं वाटतं, असं पुढे काही दिवस म्हणत राहिले, मग तेही थांबलं. आम्ही विसरून गेलो. साधारण त्याच सुमारास बाबा म्हणायला लागले की, या वर्षी पोरींचे गळे बिघडले. आधी एकीला म्हणाले, मग दुसरीला. "उतरून राहिली. सूर पकड. अजून उतरून राहिली." मुली घाबरून वर सरकायच्या, तर म्हणायचे, "आता बसली." आणि तेवढ्यात उजवीकडची मुलं एकमेकांकडे बघायची. कारण शोधायला बाबांना वेळ लागला नाही. मुली बर्फाचे गोळे खातात, रात्री ओले केस घेऊन झोपतात, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे डिस्को ऐकतात. गावात त्या वेळी डिस्कोचं वेड शिगेला पोचलं होतं. पोरींच्या गळ्यात तो विलायती ठेका शिरला, आता सूर कुठून राहणार, असं ते पालकांना सांगत, आणि पालकांना ते पटे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तर त्या दिवसांत रोज एकदा आमच्या कानांवर पडायची. एक मुलगी यायची बंद झाली, मग दुसरी. आणि एके सकाळी बाबांनी विमलला गाता गाता थांबवलं. म्हणाले, "विमल, तुझा गळा गेला. मले सांगवत नाही, पण गेला. उगा कशाले वेळ घालवते?"

मी विमलच्या शेजारीच बसले होते. मला तिचा सूर स्वच्छ, जिथल्या तिथं ऐकू आला होता. पण बाबा म्हणत होते गेला, म्हणजे गेला असणार, आणि मला ऐकू आला नसेल तर मीच कच्ची. विमल उठली. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आईला आत जाऊन नमस्कार केला आणि गेली. पुन्हा आली नाही. थोड्याच दिवसांत तिचं लग्न ठरल्याचं कळलं. गाणं सुटलंच आहे तर कॉलेजासाठी तरी कशाला ठेवायचं, असं घरच्यांनी म्हटलं म्हणे.

मग माझी पाळी. पाडव्याच्या कार्यक्रमात दरवर्षी सुरुवातीचं गाणं माझं असे. तालमीत बाबांनी हार्मोनियमचा भाता बंद केला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तू बेसूर झालीस वं. माही पोरगी बेसूर झाली." ते ओरडले असते तर मी सोसलं असतं. ते हळू बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. बेसूर हा शब्द आमच्या घरात चोर, लबाड यांच्या खालचा होता, चोराला निदान सुधारता येतं. मी आतल्या खोलीत जाऊन तोंडावर हात धरून 'सा' लावून पाहिला. मला तो बरोबर वाटला. तेवढ्यानं तर माझी पाचावर धारण बसली. आपण बेसूर आहोत आणि ते आपल्याला कळतही नाही, याहून वाईट ते काय? त्या दिवसापासून मी गाणं बंद केलं. न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नाही.

रिकामी झाले ती मधूदादाच्या वाट्याला आले. मधूदादा माझा थोरला भाऊ, बाबांच्या शब्दांत 'घराण्याचा कलंक'. त्यानं लग्नाकार्यात लाऊडस्पीकर आणि रेकॉर्डी लावायचा धंदा काढला होता. कुठूनतरी दोन परदेशी टर्नटेबलं मिळवली होती, वेग कमीजास्त करायचं बटण असलेली, आणि दोन्हींचे आवाज वेगवेगळे वाढवायला-कमी करायला पत्र्याचं एक खोकं स्वतः जोडून बनवलं होतं. एक गाणं संपायच्या आतच दुसरं त्याच्यात मिसळायचं, मध्ये फट पडू द्यायची नाही, नाचणारे थांबता कामा नयेत, ही त्याची कल्पना. मुंबईत असं करतात, एवढं त्यानं ऐकलं होतं. ठेक्याला ठेका तो छान मिळवायचा. सुरांचं काय होतं याची त्याला पर्वा नव्हती. एके सकाळी तो मागच्या पडवीत अशी दोन गाणी एकमेकांत घालत होता आणि बाबा दाढी करत होते. गालांना फेस लागलेला, हातात वस्तरा, अशा अवतारात ते पडवीत आले. दादा घाबरून मागे सरकला. बाबा म्हणाले, "लग्न लावून राहिला का भांडण? एक काळी एकमधी, दुसरं पांढरी दोनमधी. शेजारशेजारच्या पट्ट्या एका वेळी दाबल्या तर काय होते, आईच्या पोटातून शिकून आला नाही काय?"

त्या सकाळपासून आमच्या घरात जे सुरू झालं, त्याचं मला अजून नवल वाटतं. ज्या माणसानं डिस्कोच्या नावानं बोटं मोडली, तोच रोज दुपारी पडवीत खुर्ची टाकून बसायला लागला. बाबांनी आम्हाला शिकवलं की आधी जोडी बघायची, ठेका मग. गाणं काळी एकचं असेल तर त्याच्यामागून काळी एकचंच आणावं, ते उत्तम. नाहीतर काळी चारचं, म्हणजे त्याच्या पंचमाचं, किंवा काळी तीनचं, मध्यमाचं. षड्ज-पंचमाचं नातं सासर-माहेरासारखं, बाई एकातून दुसऱ्यात गेली तरी परकी होत नाही. वेगाचं बटण फिरवलं की ठेक्याबरोबर सूरही वरखाली होतो, म्हणून ते जेवणातल्या मिठासारखं वापरायचं, अगदी चिमूटभर. मी प्रत्येक रेकॉर्ड ऐकून तिच्या पाकिटावर पट्टीची चिठ्ठी चिकटवू लागले. गाता येत नाही तर निदान हे तरी. गाणं गाण्यात असं विरघळायचं की दुसरं कधी सुरू झालं ते कळू नये. तसं पहिल्यांदा जमलं तेव्हा दादानं बाबांना मिठी मारली आणि बाबा ओशाळून म्हणाले, "सोड ना गा, लोक बघून राहिले." बघायला आईशिवाय कोणी नव्हतं.

माझी नात पुण्यात हाऊस नावाचं संगीत वाजवते. तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक गाण्यापुढे आकडा येतो. कोणत्या आकड्याशेजारी कोणता चालतो, हे मला तिनं मोठ्या कौतुकानं समजावलं. म्हणाली, "आजी, याला हार्मनीत मिसळणं म्हणतात, तुला नाही कळणार." मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन बघत होते. तो तिनं एका कानावर ठेवला होता आणि दुसरा कान उघडा. मला तिथं बसवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

तसला हेडफोन मधूदादानं प्रमिलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आणला. तोवर आम्ही सगळं पडवीत, बाबांच्या खुर्चीच्या उजवीकडे ठेवलेल्या एकाच स्पीकरवर, अंदाजानं करायचो. हेडफोनची गंमत अशी की पुढचं गाणं लोकांना ऐकू जायच्या आधी तुम्हाला एका कानात ऐकू येतं, दुसऱ्या कानात चालू गाणं येत असतंच. दोन्ही जुळली की मग खोक्याचं बटण उघडायचं. प्रमिला ही बाबांची जुनी विद्यार्थिनी, लग्न ठरलं म्हणून वर्ग सोडलेली. रिसेप्शन तिच्याच घरच्या अंगणात, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. ऊन उतरलं होतं, पाणी मारलेल्या मातीचा गारवा होता, संत्र्याचं सरबत फिरत होतं, पोरंटोरं नाचत होती. गावातले निम्मे गाणारे-वाजवणारे तिथं होते, कारण प्रमिलाचे वडील हौशी तबलजी. बाबा काळा कोट घालून पुढच्या खुर्चीवर. दादानं बढाई मारून ठेवलेलीच होती. प्रमिला शालू सावरत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मधूदादा म्हणते तुम्ही गाण्याले गाणं असं जोडता का शिवण दिसत नाही. माया लग्नात एकदा जोडा ना."

"मी अन् हे? लोक हसतील वं," बाबा म्हणाले, पण उठलेसुद्धा. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे हार्मोनियमवर बसलेल्या माणसाला पुढे बोलावलं होतं. मी चालू गाण्याच्या जोडीची रेकॉर्ड काढून दिली. दोन्ही काळी एक. दुपारी घरी तपासून घेतली होती, बटणाला हात लावायचीही गरज नव्हती. बाबांनी डाव्या हातानं हेडफोन डाव्या कानाशी धरला, उजवा हात वेगाच्या बटणावर ठेवला, आणि डोळे मिटले. मग ते बटण फिरवायला लागले. मी बघत होते. चिमूटभर नाही, चांगलं मूठभर फिरवलं. थांबले, ऐकलं, आणखी थोडं फिरवलं. मनात आलं, इतकं काहून? पण पुढचा विचार काय आला सांगू? की मला चिठ्ठी लावता आली नसेल. बेसूर पोरगी, तिची चिठ्ठी ती काय. बाबांचा चेहरा उजळला. समाधी लागलेल्या गवयाचा असतो तसा दिसला. त्यांनी मान डोलावली आणि खोक्याचं बटण उघडलं.

दोन गाणी एकमेकांच्या अंगावर आली. वरचं जवळपास अर्धी पट्टी चढलेलं, आणि त्याचा ठेकाही पुढे पळत सुटलेला. सूर पुरता वेगळा असता तर एक वेळ चाललं असतं, हा तर खालच्याला घासून, करवतीसारखा जात होता. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. प्रमिलानं मेंदीचे हात कानांवर ठेवले. तिच्या वडिलांच्या हातातलं सरबत सांडलं. एक लहान मूल रडायला लागलं. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या मधोमध बाबा हेडफोन डाव्या कानाशी घट्ट दाबून, डोळे मिटून, मान डोलवत, हसत उभे होते. तसा हसरा चेहरा मी त्यांचा फार थोड्या वेळा पाहिला आहे, आणि आजही तो आठवला की मला दरदरून घाम येतो. दादानं झेप घेऊन दुसऱ्या गाण्याचा आवाज बंद केला. बाबांनी डोळे उघडले आणि चिडून विचारलं, "काहून काढलं? बसलं होतं ना!"

मग प्रमिलाचे मामा मोठ्यानं हसले, "जाऊ द्या गुरुजी, डिस्को आपल्या लोकायले जमत नाही!" आणि सगळे सुटल्यासारखे हसले. बाबा हसले नाहीत. दुसरी रेकॉर्ड अजून फिरतच होती, फक्त हेडफोनमध्ये ऐकू येत होती. बाबांनी हेडफोन उजव्या कानाला लावला. त्यांच्या कपाळावर आठी आली. डाव्या कानाला लावला. पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला मी अक्षरशः पाहिला. काय होतंय ते मधूदादाला कळत नव्हतं, तो म्हणत होता, "बाबा, बिघडला काय हेडफोन? कालच आणला." बाबांनी हेडफोन अलगद मेजावर ठेवला, जसा काही तो फुटेल, आणि म्हणाले, "हेडफोन चांगला आहे."

मला मात्र कळलं. वीज अंगात शिरावी तसं एकदम कळलं. डावा कान. डावीकडची रांग. त्या रांगेतल्या सगळ्या जणी एकीमागून एक डोळ्यांपुढून गेल्या, बर्फाचा गोळा न खाताच गळा बिघडलेल्या. आणि उजवीकडच्या मुलांपैकी एकाचाही नाही! इतकं ढळढळीत होतं, आणि सुराचा एवढा अभ्यास असलेल्या त्या खोलीत कोणालाही, आईला नाही, मला नाही, दिसलं नव्हतं. मी बेसूर नव्हते. हे वाक्य मनात आलं आणि त्याच क्षणी बाबांचा तो मेजाला धरलेला हात दिसला. आनंद आणि भीती घट्ट एकत्र आल्या. मी मांडवामागे जाऊन, जिथं आचारी पुऱ्या तळत होता तिथं उभी राहिले. त्यानं काही न विचारता पाण्याचा गडवा पुढे केला.

डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं. आतल्या कानाला दुखणं झालं होतं. उजवा कान ठणठणीत, आणि डाव्याला प्रत्येक सूर होता त्याहून खाली ऐकू येत होता. असं होतं, म्हणाले. औषधं दिली, पण पूर्ववत होईल असा शब्द दिला नाही. आई त्या रात्री जेवली नाही. म्हणत राहिली, "मी तेल घालून राहिली अन् मले कळलं नाही." बाबांनी वर्ग बंद ठेवला. पहिले काही दिवस ते नुसते गादीवर बसून होते. हार्मोनियमची एक पट्टी दाबायचे, मान एकीकडून दुसरीकडे वळवायचे, आणि पुन्हा दाबायचे. कूलर चालू असायचा, पण त्याची पट्टी कोणी सांगत नव्हतं. मग एका सकाळी कोट चढवून मला म्हणाले, "चल. त्यायच्या घरी जाऊन सांगा लागते."

आम्ही घरोघर गेलो. बाबा उंबऱ्याबाहेरूनच बोलायचे, आत या म्हटलं तरी आधी बोलून घ्यायचे. "तुमच्या पोरीचा गळा चांगला आहे. माहा कान बिघडला होता. चूक मी केली." त्या काळात गुरू असं बोलत नसत. एका घरी मुलीचे वडील इतके गोंधळले की त्यांनीच बाबांची माफी मागितली. एका घरी मुलीच्या आईनं हसून चहा टाकला आणि म्हणाली, आम्हाला वाटलं डिस्कोनं झालं. पुढे वर्ग सुरू झाल्यावर दोघीतिघी परत आल्या. शेवटी मौद्याची बस धरली. विमलचं सासर मौद्याच्या अलीकडे एका गावात होतं. उन्हं तापली होती, रस्त्यावरून धुळीचे लोट येत होते, आणि बाबा कोटाची सगळी बटणं लावून बसले होते.

विमल अंगणात बाजेवर कुरडया घालत होती. आम्हाला बघून तिनं चिकाचे हात पदराला पुसायच्या आत बाबांनी सुरुवात केली. तीच तीन वाक्यं. विमलनं ऐकून घेतलं. मग आमच्यासाठी घोंगडी अंथरली, माठातलं पाणी आणलं, आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसली. डोळे खाली, अगदी वर्गात बसायची तशी.

"मले माहीत होतं, गुरुजी," ती म्हणाली.

बाबांना आधी कळलंच नाही. "काय माहीत होतं?"

"माहा सूर बरोबर होता ते. मले ऐकू येत होता ना."

"मग सांगितलं काहून नाही? तिथंच सांगायचं! भांडायचं होतं मायाशी!"

"भांडाच वाटलं होतं," विमल म्हणाली. "म्हणून तर उठली. अजून थोडी बसली असती तर भांडली असती. गुरूशी भांडता येते काय?" हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की त्यात राग शोधूनही सापडला नाही. बाबांनी तिला गा म्हटलं नाही, म्हणायची हिंमतच नव्हती. मीच वेड्यासारखं म्हटलं, "विमल, एखादी ओळ म्हण ना." तिनं घराच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता सासूबाई झोपल्या आहे." निघताना तिनं फडक्यात कुरडया बांधून दिल्या. आईला सांग, म्हणाली, तेल चांगलं तापल्यावरच सोडायच्या.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. बाबांनी मला त्यांच्या उजव्या बाजूला बसवलं. कुरडयांचं फडकं त्यांच्या मांडीवर. मग समोर बघत त्यांनी विचारलं, "तुलेही माहीत होतं काय वं?"

"नाही बाबा."

"तुया कानात बरोबर येत होतं ना पण?"

"हो."

"मग?"

मी काय सांगणार होते? जे होतं तेच सांगितलं. "मग तुम्ही म्हटलं ना, बेसूर आहे. मले वाटलं मायाच कानात बिघाड आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विमलच्या अंगणात आवरून धरलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "सोताच्या कानावर भरोसा ठेवाचा सोडून माया कानावर काहून ठेवला वं?" एवढं कसंबसं म्हणाले आणि त्या भरल्या बसमध्ये, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून, लहान मुलासारखे मोठमोठ्यानं रडायला लागले. माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि घाबरून मला विचारलं, "काय झालं बाई, गाडी थांबवू काय?" मी म्हटलं, नका थांबवू.